छातीत राहिलेला धसका: जुना आघात आणि श्वासाचा त्रास, सुरुवात कुठून करायची

ऑक्सिमीटरवर ९८ दिसत होतं आणि मला श्वास पुरत नव्हता. रात्रीचे अडीच वाजले होते. पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसले होते, खांदे कानांपर्यंत चढलेले. दर दोन-तीन श्वासांनी मुद्दाम जांभई ओढून घेत होते, कारण जांभई पुरी झाली की क्षणभर हवा तळापर्यंत पोचल्यासारखी वाटायची. अर्धवट राहिली की पुन्हा तीच धडपड. त्याच्या चार वर्षं आधी मला गाडीचा अपघात झाला होता. पट्टा छातीवर आवळला गेला होता आणि दार उघडेपर्यंत मी तशीच अडकून पडले होते. हाडं बरी झाली, कामावर जायला लागले. त्या अपघाताचा आणि या रात्रीचा काही संबंध असेल असं मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मी डॉक्टर नाही. या त्रासातून गेलेली, बऱ्याच अंशी बाहेर आलेली आणि वाटेत पुष्कळ चुका केलेली माणूस आहे. ज्यांना नुकतीच शंका यायला लागली आहे की आपल्या श्वासाचं दुखणं कुठल्यातरी जुन्या प्रसंगाशी बांधलेलं असावं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट श्वासाच्या व्यायामापासून सुरुवात करतात. मीही तेच केलं आणि त्रास वाढवून घेतला.

पायरी पहिली: आधी शरीर तपासून घ्या

भूतकाळात आघात झालेल्या माणसालाही दमा होतो, हृदयविकार होतो, रक्त कमी होतं. त्यामुळे धाप लागण्याचं खापर आधीच मनावर फोडू नका, आणि दुसऱ्या कुणाला फोडूही देऊ नका. छातीची तपासणी, स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसांचं काम मोजणारी चाचणी), ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एवढं तरी डॉक्टरांशी बोलून करून घ्या. रक्त कमी असणं आणि थायरॉईड बिघडणं या दोन्हींत दम लागतो आणि छातीत धडधडतं, म्हणजे हुबेहूब घाबरल्यासारखंच वाटतं.

पुढच्या गोष्टींपैकी काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठा: छातीत दुखून हात, जबडा किंवा पाठीकडे कळ जाणं, ओठ निळसर पडणं, शुद्ध हरपणं, खोकल्यातून रक्त, अचानक दम लागून एका पायाला सूज, एक वाक्यही सलग बोलता न येणं, ऑक्सिमीटरचा आकडा पुन्हा पुन्हा ९४ किंवा त्याखाली जाणं. असं पहिल्यांदाच होत असेल तर "नेहमीची घाबरगुंडी असेल" म्हणून वाट पाहू नका.

एक प्रकार मुद्दाम सांगते, कारण तो हमखास निसटतो. काहींचा श्वास छातीत न अडकता गळ्यात अडकतो. श्वास आत घेताना स्वरयंत्रातल्या पट्ट्या उघडायच्या, त्याऐवजी त्या जवळ येतात. घसा आवळल्यासारखा होतो, आत घेताना आवाज येतो, त्रास झटकन सुरू होतो आणि झटकन जातो, आणि दम्याच्या पंपाचा काही उपयोग होत नाही. अशी माणसं कित्येकदा वर्षानुवर्षं दम्याची औषधं घेत राहतात. घशाच्या तज्ज्ञांनी त्रास चालू असताना दुर्बिणीतून पाहिलं तर हे कळतं, आणि उपचार वाचा-उपचारतज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) करतात. भीती आणि ताण हे त्याचं एक कारण असू शकतं, एकमेव नव्हे.

दमा आणि आघात एकत्रही नांदतात. पंप लिहून दिला असेल तर "हे सगळं मनाचं आहे" असं वाचून तो बंद करू नका.

आता समजा सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "काही नाही, टेन्शन घेऊ नका" हे वाक्य ऐकून मी घरी येऊन रडले होते. त्याचा अर्थ मी "तू खोटं बोलतेस" असा घेतला. खरा अर्थ एवढाच असतो की श्वासनलिका, फुप्फुसं आणि हृदय ठीक आहेत. श्वासाची लय कशी चालते, ती कुठे बिघडते, हे त्या तपासण्या बघतच नाहीत.

पायरी दुसरी: आत काय घडतं ते समजून घ्या

ही पायरी वाचून सोडून देऊ नका. माझी निम्मी भीती इथेच गेली.

श्वास आपोआप चालतो, तरी तो आपल्याला थांबवता येतो, लांबवता येतो, फुंकर मारता येते. हृदयाचे ठोके किंवा पचन असं थेट हातात येत नाही. मेंदूच्या बुडाशी असलेलं केंद्र श्वासाची लय ठेवतं, वरचा मेंदू हवं तेव्हा त्यात हात घालतो, आणि धोका ओळखणारी यंत्रणा दोघांनाही न विचारता लय बदलते. समोर एकदम साप दिसला तर आधी श्वास रोखला जातो, मग भराभर सुरू होतो. पळायची किंवा झुंजायची ती तयारी असते. धोका टळला की एक मोठा उसासा येतो आणि लय पूर्ववत होते.

आघातात ही साखळी पुरी होत नाही. पळता आलेलं नसतं, ओरडता आलेलं नसतं, किंवा धोका महिनोन्महिने घरातच राहत असतो. धोका ओळखणारी यंत्रणा मग हलक्या चाहुलीवरही जागी होते: विशिष्ट वास, पावलांचा आवाज, बंद दार, कुणी मागून येणं. माझ्या बाबतीत जळक्या रबराचा वास आणि छातीवरून जाणारा पिशवीचा पट्टा. आपल्याला काही आठवायच्या आत श्वास बदललेला असतो, म्हणून तो "विनाकारण" बदलला असं वाटतं.

बुडताना वाचलेली, गळा दाबला गेलेली, धुरात कोंडलेली किंवा अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर राहिलेली माणसं यांचं आणखी वेगळं आहे. त्यांच्या आघातात श्वास कोंडणं हाच प्रसंग होता. त्यामुळे जिना चढून साधी धाप लागली तरी शरीराला तोच प्रसंग परत आला असं वाटू शकतं.

आता रसायनाचा भाग. धोक्याच्या तयारीत आपण शरीराला लागतो त्यापेक्षा जास्त श्वास घेतो. रक्तात ऑक्सिजन आधीच भरपूर असतो, तो फारसा वाढत नाही. मात्र कार्बन डायऑक्साईड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असावा लागतो. तो घसरला की रक्ताची आम्लता बदलते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वळतात. शिवाय रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन तो जरा घट्ट धरून ठेवतं. डेन्मार्कचे ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलेला हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

म्हणजे माझ्या ऑक्सिमीटरवरचं ९८ खरं होतं आणि माझी घुसमटही खरी होती. हवा कमी नव्हती, जास्त होत होती. आणि मी काय करत होते? आणखी मोठी जांभई, आणखी खोल श्वास. जितकी ओढत होते तितकी हवेची तहान वाढत होती. त्यात "आता आपण मरणार" हा विचार आला की भीती वाढते, भीतीने श्वास वाढतो, आणि चक्र फिरत राहतं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्याचं, हेच चक्र मांडलं: शरीरातल्या खुणांचा भयंकर अर्थ लावला जातो, आणि त्या अर्थामुळेच खुणा वाढतात.

हे नातं नवं नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये धाप, धडधड आणि थकव्याची तक्रार नोंदवली होती. तेव्हा ती हृदयाची मानली गेली. आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत यायला १९८० साल उजाडलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यावर काम केलेल्या माणसांचा अभ्यास झाला, तेव्हा आघातोत्तर ताण आणि श्वासाच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात हातात हात घालून दिसल्या. त्यांच्या फुप्फुसांत धूळ खरोखर गेली होती आणि त्यांनी पाहिलेलंही खरं होतं. बालपणीच्या आघातांचा कॅलिफोर्नियातला मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लहानपणी जितक्या प्रकारचे आघात जास्त, तितकं मोठेपणी फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं प्रमाण जास्त आढळलं. त्यातला काही भाग धूम्रपानामुळे येतो, कारण दुःख दाबायला माणसं सिगारेट धरतात.

पायरी तिसरी: दोन आठवडे नोंद ठेवा

छोटी वही किंवा फोन, काहीही चालेल. त्रास झाला की चार गोष्टी लिहा: कधी, कुठे, श्वास बिघडायच्या आधीच्या मिनिटात काय घडलं, आणि शरीरात पहिली खूण कुठे दिसली. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "संध्याकाळी सात, लिफ्टमध्ये, मागे दोन जण उभे, आधी जबडा आवळला, मग उसासे." तेरा दिवसांत सहा वेळा "आधी जबडा" आलं, तेव्हा मला कळलं की माझा इशारा छातीच्या आधी जबड्यात येतो. पुढे सगळं त्यावरच उभं राहिलं.

विश्रांतीत, बोलताना किंवा रांगेत उभं असताना त्रास जास्त आणि जिना चढताना कमी, असं असेल तर लय बिघडण्याकडे बोट जातं. चढण्या-चालण्याने नेमका वाढत असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. उसासे आणि जांभयाही मोजा. निरोगी माणसालाही साधारण पाच मिनिटांतून एक उसासा आपोआप येतो, फुप्फुसांच्या मिटलेल्या पिशव्या त्याने उघडतात. मिनिटाला दोन-तीन येत असतील तर ते लिहून ठेवा. श्वासाचा वेग स्वतः मोजू नका, लक्ष गेलं की तो बदलतो. तुम्ही टीव्ही बघताना घरातल्या कुणीतरी गुपचूप मिनिटभर मोजावा. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला वेग १२ ते २० असतो.

नेदरलँड्समधली नाइमेखन प्रश्नावली डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे मागता येते. तिच्यात १६ लक्षणं असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ६४. बेरीज २३ च्या वर गेली तर श्वासाची लय बिघडल्याची शंका घेतात. ते निदान नव्हे, पण डॉक्टरांसमोर बोलणं सुरू करायला त्याचा फार उपयोग होतो.

पायरी चौथी: श्वासाला हात लावण्याआधी पाय जमिनीवर टेकवा

"डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, श्वासावर लक्ष केंद्रित करा." हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि पुष्कळांना लागू पडतो. आघात झालेल्या काही जणांना मात्र तोच उलटतो. डोळे मिटले की प्रसंग समोर येतो, छातीकडे लक्ष दिलं की जीव घाबरा होतो. मला श्वासाच्या व्यायामाच्या पहिल्याच वर्गात असं झालं आणि मी उठून बाहेर आले. तुमचंही असं झालं असेल तर तुम्ही कमकुवत नाही आणि व्यायामही चुकीचा नाही. तो तुमच्यासाठी फार लवकर आला, एवढंच.

म्हणून आधी आठ-दहा दिवस श्वासाकडे बघूच नका. डोळे उघडे ठेवून बसा. पाठ भिंतीला किंवा खुर्चीला पूर्ण टेकवा. तळवे जमिनीत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, त्यातल्या एकीचा रंग नीट पाहा. हातात खरखरीत किंवा गार काहीतरी धरा. दार कुठे आहे ते बघून ठेवा आणि बाहेर जाता येतं याची खात्री करा. शरीराला सांगायचं असतं की आज तारीख वेगळी आहे आणि जागा वेगळी आहे. शरीराला हे शब्दांपेक्षा तळव्यांतून लवकर कळतं.

पायरी पाचवी: श्वास बाहेर सोडण्यापासून सुरुवात

सराव बऱ्या वेळी करायचा. त्रास चालू असताना पहिल्यांदा करून बघणं म्हणजे बुडताना पोहायला शिकणं.

टेबलासमोर बसा, कोपरं टेबलावर टेकवा, थोडं पुढे झुका. खांद्यांचं ओझं टेबलाने घेतलं की मानेच्या स्नायूंना सुट्टी मिळते आणि खालचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायू, काम करू लागतं. पाठीवर आडवं पडून करायला सांगतात, पण आडवं पडणं ज्यांना असुरक्षित वाटतं त्यांनी तसं करू नये.

पहिली गोष्ट, आत घेऊ नका, सोडा. सावकाश, नाकातून किंवा ओठ मिटत आणून, गरम चहावर फुंकर घालावी इतक्या हळू. छातीतली सगळी हवा पिळून काढायची नाही. थोडं थांबलंच तर थांबू द्या, पण मुद्दाम रोखू नका. मग पुढचा श्वास नाकातून आपोआप येईल, तो छोटाच ठेवा. सुरुवातीला आत तीन आकडे आणि बाहेर चार-पाच आकडे पुरतात. बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, व्हेगस नावाची मज्जातंतू हे काम करते. म्हणून भर सोडण्यावर.

तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. पहिल्या काही दिवसांत हवा किंचित कमी पडल्यासारखी वाटेल. शरीराला जास्त श्वासाची सवय लागलेली असते, म्हणून नेहमीची पातळीही त्याला अपुरी वाटते. ही तहान हलकी, सोसेल इतकी असावी. घबराट वाढली तर थांबा, चौथ्या पायरीवर परत जा, उद्या एक मिनिटच करा. काही आठवड्यांनी मिनिटाला सहाच्या आसपास श्वासांपर्यंत जाता येतं, तिथे लवकर पोचायची घाई नको. मला मोजणं जमत नव्हतं, म्हणून मी तोंड मिटून गुणगुणायचे. श्वास बाहेर लांबतो आणि मोजावं लागत नाही. चालताना दोन पावलांत आत आणि तीन पावलांत बाहेर, हेही सोपं आहे.

दोन गोष्टी टाळा. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगाने श्वास घेण्याचे प्रकार या टप्प्यावर नकोत, ते नेमकं तेच करतात ज्यातून बाहेर पडायचं आहे. आणि कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्यात जीव धोक्यात येऊ शकतो, आणि त्या घडीला खात्रीने कुणालाच सांगता येत नाही.

झटका आलाच तर श्वासाशी झगडू नका. बसा, तळवे दाबा, मोठ्याने वाटेल ते बोला: भिंतीचा रंग, आजचा वार, समोरच्या वस्तू. बोलताना श्वास आपोआप बाहेर जातो. झटका बहुधा काही मिनिटांत शिखर गाठतो आणि उतरतो.

पायरी सहावी: मूळ दुखण्याकडे

श्वासाचा सराव झटके कमी करतो, आघाताची आठवण निवळवत नाही. त्यासाठी आघातावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणासाठी आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा संवाद-उपचार) आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने करायची ईएमडीआर ही पद्धत सुचवली आहे. श्वासाची लय सुधारण्याचं प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्टही असतात. दोघांनी एकमेकांशी बोललं तर फार बरं.

पहिल्या भेटीत सगळी कहाणी सांगायची नसते. चांगला उपचारक ती उकरून काढणार नाही. विचारायचे प्रश्न तुमचेच: आघातावर तुम्ही कसं काम करता? मध्येच मला थांबावंसं वाटलं तर काय? श्वासाचा त्रास मध्ये आला तर तुम्ही काय करता? उत्तर ऐकून छाती आवळली तर दुसऱ्या कुणाकडे जायला मोकळे आहात.

फुप्फुसांच्या डॉक्टरांना सांगायला मी एक वाक्य पाठ केलं होतं: "चार वर्षांपूर्वी मला अपघात झाला, तेव्हापासून विशिष्ट प्रसंगी श्वास अडकतो, तपासण्या नॉर्मल आहेत, लय बिघडते का हे बघायचं आहे." तपशील विचारले तर "ते मी समुपदेशकाशी बोलते" एवढं पुरतं. चेहऱ्यावर मास्क बसवायचा असेल किंवा छातीला हात लावायचा असेल तर आधी सांगा, असंही मागून घ्या. मरणाचे विचार येत असतील तर मात्र ते लपवू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या.

घरच्यांनी हा शेवटचा भाग वाचावा. "शांत हो" आणि "खोल श्वास घे" ही दोन वाक्यं त्या वेळी नकोत. समोर उभं राहू नका, शेजारी थोडं अंतर ठेवून बसा. हात लावण्याआधी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर लावू नका. हळू आवाजात साधं काहीतरी बोलत राहा. गर्दी करू नका, खिडकी उघडा, आणि दाराकडे जायची वाट मोकळी ठेवा.